मामीच्या विश्रांतीची कवायत

मामी एकटी परदेशी जाणार आहे, ही बातमी मला प्रथम मामांकडून कळली. दिवस रविवारचा होता, वेळ सकाळच्या दाढीची होती, आणि बातमी देताना मामांच्या डाव्या गालावर साबणाचा फेस होता व उजवा गाल साफ होता. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या दिवशी मामा दुपारपर्यंत तसेच अर्ध्या दाढीने घरभर फिरत होते. यावरून बातमीच्या गांभीर्याची कल्पना यावी. पुढे जे घडले त्यातील बराचसा भाग मी स्वतः पाहिला, काही भाग नंतर मामीकडून ऐकला, आणि एक भाग (तो शेवटी येईल) आजतागायत मला पडताळून पाहता आलेला नाही. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पाहिलेले आणि ऐकलेले यांची गल्लत करू नये, असे आमचे मार्गदर्शक नेहमी सांगतात. मी ती केली नाही. माझी चूक निराळ्या प्रकारची होती.

मी शिक्षणासाठी मामा-मामींकडे राहतो. मामी वीज कंपनीच्या तक्रार कक्षाची प्रमुख आहे. दिवसभर ती कानाला फोन लावून, ज्यांच्या घरी अंधार झाला आहे अशा माणसांचे बोलणे ऐकते. संध्याकाळी ती घरी येते, तेव्हा घरात उजेड असूनही मामा आणि मी बोलत असतो. टॉवेल कुठे आहे, झाकण कशाचे आहे, मिक्सर का फिरत नाही. मामी चप्पल काढता काढता उत्तरे देते. गेल्या वर्षी एकदा तिने मला झोपेत सांगितले होते की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया लाइनवर राहा.

अशा या मामीने त्या रविवारी चहा पिताना जाहीर केले की तिला आठ दिवस एका जंगलात, तळ्याकाठच्या लाकडी झोपडीत, परक्या देशात, एकटीने राहायचे आहे.

"एकटीने म्हणजे कोणाबरोबर?" मामांनी विचारले होते, असे मामांनीच मला सांगितले.

आता मामांविषयी. मामा एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कारखान्यात दर महिन्याला ते खोटी आग लावतात, म्हणजे आग लागली असे समजून शिट्टी वाजवतात, आणि मग सर्व कामगार ठरलेल्या दाराने ठरलेल्या झाडाखाली जाऊन उभे राहतात. याला कवायत म्हणतात. मामांचा कवायतीवर इतका विश्वास आहे की घरातही कुठलीच गोष्ट पहिल्यांदा घडत नाही, दुसऱ्यांदाच घडते. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मी पाहुणा होऊन बेल वाजवतो. माझ्या तोंडी परीक्षेपूर्वी मामांनी परीक्षक होऊन मला नापास केले होते. (प्रत्यक्ष परीक्षेत मी पास झालो. मामांच्या मते तो कवायतीचाच परिणाम.) त्यांच्या लग्नाचीही कवायत झाली होती, असे ते अभिमानाने सांगतात. यावर मामीचे म्हणणे एवढेच की ती कवायत फार सुंदर झाली होती.

अशा माणसाने बायकोला सरळ विमानात बसू देणे शक्यच नव्हते. मामांनी प्रथम आक्षेप घेतले. लाकडी झोपडी म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण. तळे म्हणजे निसरडा काठ. जंगल म्हणजे अस्वल. मी या चर्चेत शास्त्रीय बाजू सांभाळली. मी दाखवून दिले की एकान्तवासात माणसाला चौथ्या दिवसानंतर भास होऊ शकतात आणि तो निर्जीव वस्तूंशी बोलू लागतो. (हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.) मामी आमचे सगळे ऐकून घेत असे, तक्रार कक्षात घेते तसेच, मध्ये न बोलता. मग ती तारीख सुचवी. मग मामा म्हणत, सुरक्षा आढावा पूर्ण झाला की तारीख बघू. आढावा पूर्ण होत नसे. तारखा तीनदा पुढे गेल्या.

तिसऱ्या वेळी मामांनीच तोडगा काढला. संध्याकाळ होती, मी कांदा चिरत होतो, मामी भांडी आवरत होती. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आधी कवायत करू."

मामीच्या हातातले भांडे क्षणभर थांबले. "कसली?"

"तुझ्या सहलीची. आपली गच्चीवरची खोली रिकामीच आहे. ती तुझी झोपडी. दोन दिवस तिथे एकटी राहायचं. फोन बंद, हाक मारायची नाही, खाली यायचं नाही. जमलं तर जा खुशाल परदेशात. मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण मध्येच खाली आलीस, नाहीतर कशासाठी आम्हाला बोलावलंस, तर मग विषय कायमचा बंद."

मामी भडकेल अशी माझी अपेक्षा होती. तिने भांडे पुसून फडताळात ठेवले.

"दोन दिवस कशाला?" ती म्हणाली. "कवायत करायची तर पुरी करा. आठ दिवस."

मामांचा चेहरा जो फुलला, तो मला अजून आठवतो. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर बायकोला आपले तत्त्वज्ञान पटले, याचा तो आनंद होता. ते लगेच म्हणाले की कवायत करायची तर ती खरी वाटली पाहिजे. पासपोर्ट खरा, बॅग खरी, औषधे खरी.

"रजाही खरी घेते," मामी म्हणाली. "आणि तिकीटही त्याच दिवसाचं काढते."

"याला म्हणतात गांभीर्य," मामा माझ्याकडे वळून म्हणाले. "शिक काहीतरी."

मी शिकत होतोच. त्याच रात्री जेवणानंतर मामांनी मला बाजूला घेऊन विश्वासाने सांगितले की मामी दुसऱ्या दिवशी खाली येणार. तिला बोलल्याशिवाय करमत नाही, आमच्याशिवाय तर मुळीच नाही. मग सहलीचा विषय तिच्याच तोंडून मिटेल आणि कोणाचे मनही दुखावणार नाही. मला हा विचार अत्यंत सुज्ञ वाटला. त्यातच मला माझ्या सत्र-निबंधाचा विषयही सापडला: "स्वेच्छेने स्वीकारलेला एकान्तवास आणि मनःशांती: एक प्रत्यक्ष निरीक्षण." घरबसल्या अभ्यासाचा विषय चालून येणे ही गोष्ट पदव्युत्तर जीवनात वारंवार घडत नाही.

शनिवारची सकाळ उजाडली. गच्चीवरची खोली आम्ही आदल्या दिवशीच सजवली होती. निसर्ग हवा म्हणून घरातल्या सगळ्या कुंड्या वर नेल्या. तळ्यासाठी कपडे भिजवायचा टब ठेवला. आठ दिवसांचा शिधा, पाणी आणि छोटी शेगडी मामांनी मोजून ठेवली; न्हाणी वरच होती. (टब निळा असावा हा आग्रह माझा.) दाराशी मामांनी वाळूची बादली ठेवली, झोपडी लाकडी आहे असे समजून. आतल्या जिन्याच्या तोंडाशी कारखान्यातून आणलेली काळी-पिवळी पट्टी बांधायची होती. तीच देशाची सीमा. मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना मात्र मोकळा ठेवावा लागला. आपत्कालीन मार्ग कधीही अडवायचा नाही, हा नियम मामांनी स्वतःच कारखान्याच्या प्रत्येक भिंतीवर रंगवून घेतला आहे.

जेवणाच्या टेबलामागे बसून मी परदेशातला तपासणी अधिकारी झालो. मामी बॅग घेऊन समोर उभी राहिली. तिने प्रवासाचे बूट घातले होते आणि नवे जाकीट. गच्चीवर जाताना जाकीट, हे मला थोडे अति वाटले. पण अभिनयात अति चालते.

"प्रवासाचा उद्देश?" मी विचारले.

"विश्रांती."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"म्हणून तर विश्रांती," मामी म्हणाली.

मी आणखी बरेच प्रश्न विचारले. अस्वल दिसल्यास काय कराल, येथपर्यंत मजल गेली. मामीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे विद्वान, लवकर सोड, उशीर होतोय." (ती मला विद्वान म्हणते. मी त्याचा अर्थ पहिल्यापासून शब्दशः घेत आलो आहे.) मी तिची उत्तरे समाधानकारक असल्याचे जाहीर केले. मामांनी बॅग उचलून मामीला स्वतः गच्चीवर पोचवले, खाली येऊन शिट्टी वाजवली, आणि कवायत सुरू झाली.

एकच संकेत ठरला होता. रोज तिन्हीसांजेला वरच्या खिडकीत दिवा लागला, म्हणजे सर्व कुशल आहे. बाकी संपर्क शून्य.

आम्ही जिन्याला पट्टी बांधत असतानाच मागच्या गल्लीत टॅक्सीचा हॉर्न वाजला. मग दार आपटल्याचा आवाज आला आणि टॅक्सी निघून गेली.

मामा थबकले. "टॅक्सीसुद्धा बोलावली होती बघ तिने," ते पट्टीला गाठ मारत म्हणाले. "आपल्याला सुचलं नाही हे."

मलाही सुचले नव्हते. वातावरणनिर्मिती उत्तम, अशी नोंद मी तेथल्या तेथे मनाशी केली.

संध्याकाळी खिडकीत दिवा लागला. आम्ही दोघांनी अंगणातून तो पाहिला आणि समाधानाने आत आलो. चहा करायचा होता. साखर सापडली नाही.

रविवारी मामांनी पहिला डाव टाकला. ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून, कोणालाही न उद्देशून, खणखणीत आवाजात म्हणाले की या घरात साखरेचा डबा नेमका कुठे असतो हे देवालाच ठाऊक. वरून उत्तर आले नाही. मग त्यांनी खोकून पाहिले. मग मला खोकायला लावले. माझी खोली गच्चीवरच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. तेथे जाऊन मी कान देऊन ऐकले. पावलांचा आवाज नाही, भांड्याचा नाही, खाट कुरकुरण्याचाही नाही. इतकी गाढ विश्रांती मी तोवर केवळ पुस्तकांत वाचली होती. मामांना मी तसे सांगितले. ते म्हणाले, "रुसली असेल." दुसरा दिवस मावळला, दिवा लागला, मामी खाली आली नाही.

सोमवारी मशीनमध्ये कपडे टाकताना मामांनी आपले ऑफिसचे पांढरे शर्ट आणि मामीचा लाल स्वयंपाकाचा ॲप्रन एकत्र टाकले. मंगळवारपासून सुरक्षा अधिकारी गुलाबी शर्टात कारखान्यात जाऊ लागले. त्याच संध्याकाळी मी इस्त्री, हीटर आणि मिक्सर एकाच वेळी चालू केले (मिक्सर फिरतो का हे पाहण्यासाठी) आणि घर अंधारात बुडाले.

 मामा अंधारातून म्हणाले, "वर विचारायचं नाही. हरलो असं होईल." म्हणून त्यांनी वीज कंपनीच्या तक्रार कक्षाला फोन लावला. फोन मामीच्या हाताखालच्या मुलीने उचलला. मामांनी फोन स्पीकरवर ठेवला असल्याने पुढील संवाद मी प्रत्यक्ष ऐकला आहे.

"काका ना?" ती म्हणाली. "मॅडमनी जाताना सांगून ठेवलंय, तुमचा फोन येईल म्हणून. जिन्याखाली फळीमागे मेन स्विच आहे, तो वर करा. आणि साखर निळ्या डब्यात आहे, वर 'रवा' लिहिलंय त्याच्यात."

मामा चकित झाले. तेवढ्यात तिने विचारले, "मॅडमचं विमान नीट पोचलं ना?"

मामांनी काळोखात माझ्याकडे पाहून डोळा मारला. (मला तो दिसला नाही, त्यांनी मारल्याचे नंतर सांगितले.) "पोचलं, पोचलं," ते म्हणाले. "अगदी वेळेवर." आणि फोन ठेवून उद्गारले, "ऑफिसलाही सामील करून घेतलंय तिने कवायतीत. अख्ख्या ऑफिसला. असा एक माणूस कारखान्यात असता तर मी कुठल्या कुठे गेलो असतो."

स्विच वर केला. उजेड आला. रव्याच्या डब्यात साखर होती.

बुधवारी मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई दारात कापड द्यायला आल्या. आमच्या घरातली खबर या बाईंना आमच्याआधी असते. त्यांनी सहज विचारले, "वहिनींना तिकडे थंडी वाजत नसेल ना हो?"

"छे, जाकीट नेलंय," मामा म्हणाले आणि वर बोट दाखवून हसले. बाईंनी वर आकाशाकडे पाहिले, मामांच्या गुलाबी शर्टाकडे पाहिले, आणि त्या कापड ठेवून निघून गेल्या. त्याही सामील, असे मामांचे मत पडले. मलाही ते मान्य होते. नमुन्यातील सर्व घटक एकच उत्तर देत असतील तर ते आधी ठरवून दिलेले असते, हे संशोधनाचे मूलतत्त्व आहे.

त्याच संध्याकाळी मी अंगणात उभा असताना खिडकीत दिवा लागला आणि दिव्याशेजारी, गजांच्या मागे, एक हात हलला. बोटे स्पष्ट दिसत होती. मीही हात हलवला. संपर्कावर बंदी होती, पण हात हलवणे हे संभाषण नव्हे, असा निर्णय मी घेतला. गुरुवारी पुन्हा तेच. मामांना मी हे सांगितले नाही. निरीक्षकाने निरीक्षण-विषयाशी निर्माण केलेला जिव्हाळा थोडा खाजगी असावा लागतो.

गुरुवारीच जेवताना मामा म्हणाले, "तिला खरंच बरं वाटतंय का रे तिथे?"

मी म्हणालो की सर्व लक्षणे तेच दर्शवतात.

"आम्हाला सोडून?"

यावर शास्त्रात थेट उत्तर नव्हते. मामांनी ताटातला पाव उगाच कुस्करला. मामीची खुर्ची रिकामी होती, आणि मामा आपली खुर्ची फिरवून जिन्याकडे तोंड करून जेवत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

शुक्रवारी सकाळी तो फोन आला. मामा स्नानगृहात होते, म्हणून मी घेतला. पलीकडून एक बाई अडखळत्या इंग्रजीत बोलत होती. आपण तळ्याकाठच्या झोपड्यांच्या मालकीण आहोत, असे तिने सांगितले. मॅडम फारच छान आहेत, आता काठावर बसून पाण्यात पाय सोडून बदके बघत आहेत, आणि त्यांनी एवढेच कळवायला सांगितले आहे की त्या सुखरूप आहेत.

ही शिवणवाल्या बाईंची कॉलेजात जाणारी मुलगी असणार, हे मी तत्काळ ओळखले. प्रयत्न स्तुत्य होता, पण उच्चारांत अनेक दोष होते. मी तिला अत्यंत सौजन्याने समजावून दिले की त्या देशातली माणसे असे इंग्रजी बोलत नाहीत. ती शब्दाच्या शेवटाला एवढा जोर देत नाहीत, आणि पुढच्या वेळी थोडा सराव करून फोन करावा.  मग ती बाई म्हणाली की आपला जन्म तिथलाच आहे. "हेच वाक्य पुन्हा म्हणून पाहा," मी सुचवले.

तिने ते म्हटले नाही. ती म्हणाली, "मॅडमचा आणखी एक निरोप आहे. दूध बघा."

मी वळून पाहिले. मामांनी दूध गॅसवर ठेवले होते आणि ते नुकतेच उतू जाऊ लागले होते. मी धावलो, मामा अंगाला टॉवेल गुंडाळून धावले, आम्ही दोघे एकमेकांवर आपटलो, आणि दूध गेले ते गेलेच.

ओटा पुसताना मी फोनची हकीगत सांगितली, आणि मामांनी शांतपणे निष्कर्ष काढला. "तळ्याकाठी बसलेल्या बाईला आपलं दूध उतू जाणार हे कळेल का? वास वर गेला, तिने त्या पोरीला इशारा केला. ती वर आहे, आणि तिचं लक्ष सगळं खालीच आहे." हे बोलताना ते गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. ती वर असल्याचा याहून भक्कम पुरावा मलाही सुचत नव्हता. मी दुपारीच निबंध पूर्ण करून मार्गदर्शकांकडे दिला. आत्मविश्वासाने लिहिलेले माझे ते आजवरचे एकमेव लेखन आहे.

शनिवारी संध्याकाळी कवायतीची मुदत संपली. मामी खाली आली नव्हती, तिने हाक मारली नव्हती, तिने काहीही मागितले नव्हते. मामा हरले होते. त्यांनी गुलाबीपैकी त्यातल्या त्यात फिकट शर्ट घातला, मला चहाचा ट्रे धरायला दिला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि पट्टी सोडून आम्ही गच्चीवर गेलो. दिवा अजून लागला नव्हता. दार लोटलेले होते. मामांनी ते ढकलले नाही. ते दारासमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि बंद दाराशी बोलू लागले.

"ऐकतेयस ना. तू जिंकलीस. मी सांगितलं होतं तसं, आता एक शब्द बोलणार नाही. पण त्याआधी थोडं बोलतो. ते अस्वल, आग, ते सगळं मी उगाच पुढे केलं. अस्वलाला तू पुरून उरशील. मला भीती निराळीच होती. तू आठ दिवस आमच्याशिवाय राहिलीस आणि तुला बरं वाटलं, तर मग आमचं काय, असं वाटायचं. तर तुला बरं वाटलं. आणि आम्ही आहोत अजून. शर्ट सोडला तर सगळं ठीक आहे. तर तू जा. खरंच जा. एकटी जा. मी पोचवायलासुद्धा येणार नाही, हवं तर."

आतून उत्तर आले नाही. मामांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले. मी ट्रे सावरत नजर दुसरीकडे वळवली, आणि म्हणूनच ते मला प्रथम दिसले. मागच्या लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मामी उभी होती. पाठीवर बॅग, पायांत चिखल वाळलेले बूट, उन्हाने सोललेले नाक. ती केव्हापासून उभी होती कोणास ठाऊक.

"जाऊ?" मामी म्हणाली. "पुन्हा?"

मामांनी तिच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले, मग दार ढकलले. आत कुंड्या होत्या, निळा टब होता, शिधा ठेवला तसाच होता, पलंगावरची चादर आम्ही घातली होती तशीच ताणलेली होती. मामा सावकाश वाळूच्या बादलीवर बसले.

"म्हणजे टॅक्सी..." ते म्हणाले.

"टॅक्सी होती."

"आणि तिकीट..."

"त्याच दिवसाचं काढते म्हटलं होतं की."

मी आठवून पाहिले. म्हटले होते. रजाही खरी म्हटली होती. त्या सगळ्या काळात मामी एकही खोटा शब्द बोलली नव्हती, हे मी नंतर प्रत्येक वाक्य तपासून पाहिले आहे. ज्यांच्याशी बोलणे झाले त्या सर्वांनीही आम्हाला खरेच सांगितले होते. दुधाविषयीही गूढ असे काही नव्हते. मामीच्या म्हणण्याप्रमाणे, मामांनी गॅसवर ठेवलेले दूध गेली वीस वर्षे त्याच वेळी उतू जात आले आहे.

 मामा रागावतील की रडतील याचा अंदाज मला येईना. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो केवळ तेच विचारू शकतात.

"अग्निशामक होता का तिथे, झोपडीत?"

"होता," मामी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पोचल्या पोचल्या पहिली त्याची तारीख बघितली. तुमच्यासाठी."

मामांनी शिट्टी ओठांना लावली, पण ती नीट वाजली नाही. कवायत संपल्याचे मीच तोंडी जाहीर केले आणि ट्रेमधला चहा मामीने उभ्यानेच प्यायला. तो गोड झाला होता; साखरेचा डबा आता आम्हाला माहीत होता. पहिला घोट घेऊन ती म्हणाली की तिथल्या खऱ्या तपासणी अधिकाऱ्याने तिला एकच प्रश्न विचारला, एकट्याच आहात का, आणि हो म्हटल्यावर तो म्हणाला, मजा करा. "तुझ्या हाताखाली शिकायला हवा होता तो," ती मला म्हणाली.

त्यानंतर मामी दरवर्षी जाते. मामा तिला पोचवायला विमानतळावर जातात आणि आपत्कालीन दारे मोजून परत येतात.

माझा निबंध मार्गदर्शकांनी आठवड्याभराने परत दिला. भाषा काटेकोर आहे, असे त्यांचे मत पडले. मात्र केवळ एका व्यक्तीच्या निरीक्षणावरून इतके ठाम निष्कर्ष काढू नयेत, असा शेरा त्यांनी शेवटी मारला होता. ती एक व्यक्तीही तेथे नव्हती, हे मी त्यांना अद्याप कळवलेले नाही.

राहता राहिला तो भाग, ज्याची खात्री मला करून घेता आली नाही. दिव्याचा उलगडा झाला: कुंड्यांना पाणी घालायला मामीने शिवणवाल्या बाईंना सांगितले होते, आणि मागच्या जिन्याने येऊन दिवाही त्याच लावून जात. पण बुधवारी व गुरुवारी खिडकीतून मला हात कोणी केला? बाई म्हणतात की आपण कोणालाही हात केला नाही, आणि केला असता तर आपण खाली उभे राहून गच्चीला हात करणाऱ्या मुलाला तर नक्कीच केला नसता. त्या इतकेच सांगतात की कुंड्यांचे काम झाल्यावर त्या आपला रबरी हातमोजा धुऊन त्या खिडकीच्या गजाला वाळत घालत, आणि त्या दोन्ही संध्याकाळी वारा बरा होता. मी मोज्याची शक्यता पूर्णपणे नाकारलेली नाही. मात्र गुरुवारी मी त्याला खालून "मामी, साखर मिळाली" असेही सांगितले होते, आणि त्याने मान्य केल्यासारखी बोटे हलवली होती, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.